खडकवण्याचा निरोप

त्या रविवारी सकाळी बरोबर साडेदहा वाजता आंबेघोळ धरणाच्या वीजगृहाच्या फाटकापाशी तुपे यांनी मला तो निरोप दिला.

तुपे हे वीजगृहातील ऑपरेटर. हाताचे काळे तेल चिंधीने पुसत ते माझ्या जीपच्या खिडकीशी आले आणि म्हणाले, "महिपत, खाली चाललायस न्हवं?"

"व्हय. पावणं हायती. वरचं धरण बघून झालं, आता घाटानं तिवरघाटच्या धरणावर."

"मग जाता जाता खडकवण्यात सांग. आज अकराला पानी सुटतंय."

"आज? आज तर रविवार."

"वरनं फोन आलाय. कुठल्या तरी वीजघरात बिघाड झालाय म्हनं, हितली दोन्ही मशीन लावा म्हनत्यात. खडकवण्याच्या चौकीवर चारदा फोन लावला, कोन उचलंना. चौकीदार घरी पडला असंल." त्यांनी चिंधी खांद्यावर टाकली. "घाई न्हाई. पान्याला तीन तास लागत्यात. पर इसरू नगंस."

"मी कसा इसरंन," मी म्हणालो.

येथे वाचकांस थोडी माहिती देणे अगत्याचे आहे. आमच्या काळसरी नदीवर दोन मोठी धरणे आहेत. वरचे आंबेघोळ, खालचे तिवरघाट. दोहोंच्या मध्ये नदीचे अंतर सोळा किलोमीटर आणि घाटरस्त्याचे एक्केचाळीस. वरच्या धरणाच्या पायथ्याशी वीज तयार होते व वापरलेले पाणी नदीत सोडून देतात. त्यामुळे आमची नदी इतर नद्यांसारखी आपल्या इच्छेने वाहत नाही; ती कचेरीप्रमाणे वेळापत्रकाने वाहते. सोमवार ते शनिवार सकाळी पाणी सुटते. त्याआधी खडकवणे गावाजवळच्या चौकीवर फोन येतो आणि चौकीदार हाताने फिरवायचा भोंगा सलग वाजवतो. तो ऐकला की पात्रातील माणूस, जनावर, सर्व काठावर येतात. रविवारी कारखाने बंद, म्हणून मशीन बंद, म्हणून पाणी नाही, म्हणून चौकीदारही नाही. आमच्याकडे त्या दिवसाला 'नदीची सुटी' असे म्हणत. त्या दिवशी खडकवण्याच्या बायका घरातील गोधड्या डोक्यावर घेऊन पात्राच्या मधोमध असलेल्या विस्तीर्ण पाषाणावर धुण्यास जात. त्याला आम्ही पाट्याचा खडक म्हणतो.

माझी पत्नी हौसा त्या दिवशी पाट्याच्या खडकावर होती. तिला आठवा महिना लागला होता. पुढच्या आठवड्यात ती बाळंतपणासाठी माहेरी जाणार होती, आणि त्यापूर्वी घरातील सर्व गोधड्या धुऊन ठेवायच्या असा तिचा हट्ट होता.

पाहुणे आले. टिपणीस साहेब सत्तरीच्या आसपासचे, उंच, डोक्यावर गोल टोपी. तीस वर्षांपूर्वी ते याच धरणांवर अभियंता होते व निवृत्तीनंतर पुण्यास राहत होते. आपण ऐन उमेदीत जिथे काम केले तो प्रदेश पत्नीस एकदा निवांत दाखवावा, या हेतूने त्यांनी दोन दिवसांसाठी आमच्या मालकांची जीप ठरवली होती. बाईसाहेब ठेंगण्या, हसतमुख आणि बोलण्यात मोठ्या तरबेज होत्या.

"दोन तास एका भिंतीकडे बघत उभे होते," मागे बसता बसता त्या मला म्हणाल्या. "लग्नात माझ्याकडे इतका वेळ बघितलं नव्हतं."

"भिंत जागची हलत नव्हती," साहेब पुढे माझ्या शेजारी बसत म्हणाले.

मी जीप सुरू केली. निरोप माझ्या मनात होता. मी हिशेब केला. अकराला पाणी सुटणार, तीन तास, म्हणजे दोन वाजता ते खडकवण्यास पोहोचणार. आपण साडेबारापर्यंत सहज जाऊ. तेव्हा पाहुण्यांना आत्ताच काही सांगण्याचे कारण नाही.

याला आणखी एक कारण होते व ते मी लपवीत नाही. महिन्यापूर्वी आमच्याकडील एका चालकाने पाहुण्यांची गाडी वाटेत स्वतःच्या घरी नेऊन आईला औषध पोहोचवले होते. पाहुण्यांनी तक्रार केली आणि मालकांनी त्याला काढून टाकले. आम्हा सर्वांना समोर उभे करून मालक म्हणाले होते, "पाव्हणं म्हनतील तिथं थांबायचं. आपलं खाजगी काम गाडीत बसवायचं न्हाई." हौसा खडकावर नसती तर मी तो निरोप मोठ्याने, अभिमानाने सांगितला असता. परंतु ती तेथे होती, आणि म्हणून तो निरोप मला माझे खाजगी काम वाटू लागला.

पहिल्या वळणावर जलाशयाचा देखावा आला.

"थांबा थांबा," बाईसाहेब म्हणाल्या.

मी थांबलो. खाली निळे पाणी डोंगरांच्या कुशीत हात पसरून निजल्यासारखे पडले होते. माझे शिक्षण आठवीपर्यंत झालेले आहे. परंतु तालुक्याच्या वाचनालयातील प्रवासवर्णने मी पुष्कळ वाचली आहेत आणि पाहुण्यांना तसे वर्णन करून सांगण्याची मला सवय होती. मी म्हणालो, "बाईसाहेब, अवलोकन करा. या जलाशयाच्या उदरात सात गावे विसावली आहेत. उन्हाळ्यात पाणी उतरले म्हणजे त्यांच्या वाटा पांढऱ्या रेषांप्रमाणे दृष्टीस पडतात."

बाईसाहेब माझ्याकडे वळल्या. "अहो, किती छान बोलता तुम्ही. लिहिता का?"

आजवर कुणीही मला असे विचारले नव्हते. जीपच्या कप्प्यात माझी एक वही असे. तीत मी घाटातील देखाव्यांची वर्णने लिहून ठेवीत असे. ती मी त्यांना दिली. त्यांनी चष्मा चढवला आणि चालत्या गाडीत एक एक पान वाचू लागल्या. मधून मधून म्हणत, "हे कुठे आहे? इथे थांबू या ना."

आणि मी थांबत राहिलो.

करवंदीच्या टेपाडावर थांबलो. जुन्या नाक्याच्या पडक्या चौथऱ्यावर थांबलो. तेथे साहेबांनी पत्नीचा फोटो काढला, मग पत्नीने साहेबांचा, मग मी दोघांचा. प्रत्येक वेळी मी मनगटावरील घड्याळ पाहत होतो. अकरा वाजून पाच. साडेअकरा. अकरा पन्नास. पाणी दोनला, असे मी मनास बजावीत होतो. एकदा तोंड उघडलेही.

"साहेब, जरा..."

"काय हो?"

"काही नाही. पुढे चहा उत्तम मिळतो."

त्या वाक्याची मला आजही लाज वाटते.

घाटमाथ्यावरील टपरीत आम्ही उतरलो तेव्हा बारा वाजून गेले होते. कांदाभजी तळणीत होती. बाईसाहेब वही मांडीवर घेऊन बसल्या. साहेबांनी चहा बशीत ओतला. टपरीच्या मागून दरीचा उतार खाली जात होता आणि पुष्कळ खोल, झाडांच्या आड, नदीचे पात्र कोरडे व पांढरे दिसत होते.

"बघ," साहेब पत्नीला म्हणाले, "रविवार आहे. नदी झोपलीय. हे वेळापत्रक मी बसवलं. आधी पाणी केव्हाही सुटायचं, लोकांचे फार हाल व्हायचे."

"मग तुम्हाला गावानं सोन्याचं कडं द्यायला हवं होतं."

"एक कोंबडा दिला होता."

दोघे हसले. मला हसता आले नाही. मी हातातील ग्लास खाली ठेवला आणि उभा राहिलो.

"साहेब, क्षमा असावी. आज पाणी सुटले आहे."

"छे," ते शांतपणे म्हणाले. "रविवारी सुटत नाही."

"अकराला सुटले. ऑपरेटरनी फाटकावर सांगितले. खडकवण्याच्या लोकांना निरोप द्यायचा आहे. तेथे बायका धुणे धूत आहेत. पाणी दोन वाजेपर्यंत तेथे पोहोचणार नाही, तरी आपण लवकर निघालो तर..."

"नेमकं काय म्हणाले ते? त्यांचे शब्द सांगा."

"म्हणाले, कुठेतरी बिघाड झालाय, म्हणून इथली दोन्ही मशीन लावायची आहेत, पाण्याला तीन तास..."

"दोन्ही?"

"होय."

साहेबांच्या हातातील बशी कलली आणि चहा पायजम्यावर सांडला. त्यांनी तिकडे पाहिले नाही, घड्याळाकडे पाहिले.

"तीन तास एका मशीनला लागतात," ते म्हणाले. "दोन्हीचं पाणी उंच चालतं. खडकांना वळसे घालत बसत नाही. दोन्ही फक्त पावसाळ्यात लावायचे, तेव्हा पात्रात कुणी नसतं, म्हणून कुणाला माहीत नाही." त्यांचे ओठ हिशेब करीत हलले. "पावणेदोन तास. पावणेएकला तिथं असेल."

त्या वेळी बारा वाजून वीस मिनिटे झाली होती. खडकवणे तेथून अकरा किलोमीटर, सगळा उतार आणि वळणे.

टपरीवाल्याला काय दिले, कुणी दिले, मला ठाऊक नाही. जीप सुटली. बाईसाहेबांनी मागून विचारले, "तुमचं कुणी आहे का हो तिथं?"

मी एक वळण काढले. मग म्हणालो, "बायको आहे. आठवा महिना आहे."

"आणि तुम्ही आम्हाला फोटो काढून देत होता," त्या म्हणाल्या. त्यांच्या स्वरात राग नव्हता. त्यामुळेच तो मला अधिक लागला.

"कुमुद, आता नको," साहेब म्हणाले. त्यांनी एक हात समोरच्या कडीला धरला होता. "ब्रेक दाबून धरू नका, तापतील. तिसऱ्या गिअरमध्ये राहू द्या."

वाटेत एक बैलगाडी आली, एक एसटी आली. एसटीसाठी मला कड्याला चिकटून उभे राहावे लागले. तिचा चालक ओळखीचा होता, तो खिडकीतून हसून म्हणाला, "काय म्हैपतराव, विमान चालवायला लागला काय?" मी घड्याळ पाहिले. बारा चाळीस झाले होते.

आता घोड्याचे वळण आले. या ठिकाणी रस्ता नदीच्या अगदी माथ्यावर येतो. खाली दोनशे फुटांवर पात्र दिसते, पण तेथे उतरायला वाट नाही; गाव गाठायचे तर आणखी दोन किलोमीटर फिरून जावे लागते. खाली पाट्याचा खडक होता. त्यावर तांबड्या, निळ्या, हिरव्या गोधड्या वाळत पसरलेल्या होत्या आणि त्यांच्यामध्ये माणसे मुंग्यांएवढी दिसत होती.

या वळणाची एक गोष्ट सांगावयाची राहिली. दर रविवारी पाहुण्यांना घेऊन येथून जाताना मी तीनदा हॉर्न वाजवीत असे. हौसा खडकावर असली की मान वर करून हात हलवी. बाकीच्या बाया तिची थट्टा करीत. लग्नाला दोन वर्षे झाली होती, तरी हा आमचा नेम होता.

मी जीप कठड्याला लावली आणि हॉर्न वाजवला. पुन्हा वाजवला, पुन्हा, थांबत थांबत, जोरजोरात. खिडकीतून मान बाहेर काढून ओरडलो. आवाज वाऱ्याने मागे नेला.

खाली सर्व माणसांनी वर पाहिले. एका बाईने दुसरीला कोपराने ढोसल्यासारखे दिसले. मग हिरव्या लुगड्यातील एक आकृती हळूहळू उठली, कमरेवर एक हात ठेवून उभी राहिली आणि दुसरा हात वर करून हलवू लागली.

ती हौसा होती. मी वाजवीत होतो आणि ती हात हलवीत होती. मी जितके अधिक वाजवीत होतो तितका तिचा हात अधिक हलत होता. कुणीही जागचे हलत नव्हते.

"ते बघा," बाईसाहेब म्हणाल्या.

वरच्या अंगाला, जेथे पात्र दोन कड्यांमधून येते, तेथे पाणी आले होते. मला वाटले होते की ते भिंतीसारखे गर्जत येईल. तसे नव्हते. एक काळसर, रुंद जीभ खडकांमधून निमूटपणे पुढे सरकत होती. पाट्याचा खडक आणि काठ यांच्यामध्ये एक खोलगट घळ आहे. पाणी प्रथम तिच्यात शिरते. खडकावरील माणसाला पाय भिजेपर्यंत काही कळत नाही, आणि तोवर परतीची वाट गेलेली असते.

"हात काढा," साहेब म्हणाले.

मला समजले नाही. त्यांनी माझा हात धरून बाजूला केला, माझ्या अंगावरून ओणवे झाले आणि आपला तळवा हॉर्नवर ठेवून सर्व भार त्यावर दिला.

"तोडायचा नाही," ते म्हणाले. "भोंगा तुटत नाही."

एकच सलग आवाज निघाला. तो थांबेना. साहेबांची टोपी पडली, मानेच्या शिरा ताणल्या, पण त्यांनी हात काढला नाही. दहा मोजावेत इतका वेळ गेला असेल. हौसाचा हात हवेत थांबला. नंतर मी जे पाहिले ते मी कोणत्याही पुस्तकात वाचलेले नाही. खालच्यांपैकी कुणीही वर पाहिले नाही, नदीकडेही पाहिले नाही. सहा दिवसांच्या आवाजाने शिकवलेले त्यांचे पाय आपोआप काठाकडे वळले. पसरलेल्या गोधड्यांवरून, बादल्या ओलांडून, सर्व माणसे घळीकडे धावू लागली. हौसा एक गोधडी गोळा करण्यास वाकली.

"टाक ती," मी जीपमध्ये बसून म्हणालो. "हौसा, टाक ती."

एका बाईने तिचा दंड धरला आणि ओढले. गोधडी पडली. घळीत पाणी घोट्यापर्यंत आले होते. शेवटची चार माणसे उतरली तेव्हा ते गुडघ्यावर होते. हौसा त्या चारांत होती. त्याच वेळी बॉनेटमधून जळका वास आला आणि हॉर्न घरघरून बंद पडला. साहेबांचा तळवा तसाच दाबलेला होता.

त्या शांततेत चार माणसे पलीकडे चढली. मग खडकावरील गोधड्या कडेपासून एकेक करून पाण्याने उचलल्या आणि वाहू लागल्या.

आम्ही गावाकडून नदीवर पोहोचलो तेव्हा हौसा काठावर बसून लुगड्याचा ओचा पिळत होती. मला पाहून ती म्हणाली, "माज्या नऊ गोधड्या गेल्या. आयच्या लुगड्याची बी गेली."

"जाऊ दे," मी म्हणालो.

"तुमी हारन वाजीवला तवा मी हात केला. बघितला का न्हाई?"

"बघितला."

गावचे लोक गोळा झाले. माणसे मोजली. सर्व होती. म्हातारे पोलीस पाटील माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "म्हैपत, पान्याच्या म्होरं पळालास की रं." साहेब माझ्या शेजारीच उभे होते. ते काही बोलले नाहीत. मीही बोललो नाही.

तिवरघाट धरण साहेबांनी पाहिले नाही. जीप भिंतीपाशी उभी केली तरी ते उतरले नाहीत. बाईसाहेब एकट्याच कठड्याकडे गेल्या. मग साहेबांनी विचारले, "चौकीवर रविवारी माणूस का नसतो, ठाऊक आहे?"

"रविवारी पाणी नसते म्हणून, साहेब."

"तसं मी लिहिलं होतं. 'रविवारी पहारेकऱ्याची आवश्यकता नाही.' खाली माझी सही आहे. एका माणसाचा पगार वाचला म्हणून मला शाबासकी मिळाली होती." त्यांनी तळव्याकडे पाहिले, हॉर्नचा गोल वण अजून उमटलेला होता. "ऑपरेटरनं तुम्हाला किती वाजता सांगितलं?"

"साडेदहा."

"हं," ते म्हणाले. काही वेळाने पुन्हा म्हणाले, "माझी चूक निदान कागदावर आहे. कुणीही काढून वाचू शकेल."

बाईसाहेबांनी निरोप घेताना माझी वही परत दिली. त्यांनी लिहिण्याविषयी पुन्हा काही म्हटले नाही.

साहेबांनी पुण्यास गेल्यावर वरिष्ठांना पत्र पाठवले असावे, कारण दोन महिन्यांत चौकीवर रविवारीही माणूस बसू लागला. मला मात्र पुढच्याच आठवड्यात खडकवणे गावाने देवळासमोर शाल आणि नारळ दिला. पोलीस पाटलांनी भाषण केले की महिपत ढेबे निरोप मिळताक्षणी जिवाची पर्वा न करता घाट उतरला. टाळ्या झाल्या. मी नमस्कार केला. शाल घेतली.

या गोष्टीला आता एकतीस वर्षे होत आहेत. त्या वेळी पोटात असलेली आमची मुलगी आज दोन लेकरांची आई आहे आणि तिला हीच हकिगत तिच्या आईने शंभर वेळा सांगितली आहे. घोड्याच्या वळणावर मी त्यानंतर कधीही तीनदा हॉर्न वाजवला नाही. हौसाने कारण विचारले तेव्हा घाटात मनाई आहे असे सांगितले. ती ट्रंकेतली शाल दर दिवाळीला उन्हात घालते, झटकते, आणि नीट घडी करून परत ठेवते.

गेले वर्षभर मी हे लिहीत आहे. हौसाला वाचता येत नाही. काल दुपारी ती ओसरीवर सूप घेऊन तांदूळ निवडीत होती. मी वही घेऊन तिच्यासमोर बसलो.

"काय लिवलंय?" तिने विचारले. "देखावा?"

"नाही. त्या रविवारचं आहे."

"वाचा की."

मी चष्मा पुसला आणि पहिले वाक्य वाचले: "त्या रविवारी सकाळी बरोबर साडेदहा वाजता आंबेघोळ धरणाच्या वीजगृहाच्या फाटकापाशी तुपे यांनी मला तो निरोप दिला."

तिचे हात तांदळात थांबले.

"साडेधाला?" ती म्हणाली.

"होय. साडेदहाला."

तिने सूप खाली ठेवले. मग हात पदराला पुसून मांडी बदलली.

"फुडं वाचा," ती म्हणाली.